दिवाबत्ती कुणाकडे?

मागच्या हिवाळ्यात मराठवाड्यातल्या एका जुन्या छावणीच्या गावात मी गोरा कबरस्तान हुडकत फिरत होतो. तिघांना विचारलं, तिघांनी तीन दिशा दाखवल्या. चौथ्यानं सांगितलं, "गॅसच्या गोडाऊनमागं बगा." मागं खरंच होतं. कमानीचा एक खांब उभा, दुसरा आडवा. फाटक नव्हतंच. आत वेडी बाभूळ, घाणेरी आणि कमरेइतकं वाळलेलं गवत. पायाला काटा लागला की दगड, हे लागल्यावरच कळायचं. एका चौथऱ्यावर संगमरवराची फरशी शिल्लक होती. तिच्यावरचा मजकूर डोळ्यांना दिसत नव्हता, बोटांना लागत होता. अक्षरांच्या खाचांत भरलेलं शिसं कुणीतरी टोच्यानं उकरून नेलं होतं. भंगारात शिसं किलोवर जातं. नाव काही लागलं नाही, पण खालच्या ओळीत 'वय अकरा महिने' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द बोटाला लागले.

तिथंच एक मावशी शेळ्या चारत होत्या. त्यांनी विचारलं, "काय हुडकायलात?"

"मावशी, हे कुणाचं आहे?"

"व्हतं गोऱ्यायचं. आता शेळ्यायचं."

तेव्हा हसलो. परतीच्या एसटीत विचार केला, तर ते उत्तर महसुली भाषेतही खरं निघालं. एकोणिसाव्या शतकात निजामाच्या खर्चानं आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमानं चालणारी हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज होती. औरंगाबाद, जालना, हिंगोली आणि मोमिनाबाद, म्हणजे आजचं अंबाजोगाई, इथं तिच्या छावण्या होत्या. १९०२ मध्ये वऱ्हाड इंग्रजांना कायमचं भाडेपट्ट्यानं देण्याचा करार झाला आणि पुढच्या वर्षी ही फौज हिंदुस्थानी लष्करात मिसळून टाकली. पलटणी गेल्या, घोडे गेले, बंगल्यांना दुसरे धनी मिळाले. ज्यांना जाता येत नव्हतं ते मागं राहिले. अशा जागेचा धनी कोण, हे विचारायला गेलं की एक जण म्हणतो लष्कराची, दुसरा म्हणतो चर्चची, तिसरा जुना नकाशा उलगडून 'कबरस्तान' या शब्दावर बोट ठेवतो आणि नकाशा परत गुंडाळतो. शेळ्यांचा ताबा मात्र निर्विवाद असतो.

या सगळ्यातून मला एकच गोष्ट म्हणायची आहे. कबरी, समाध्या, वीरगळ (म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या आठवणीत कोरलेले दगड) यांचा घात पाऊस करत नाही. चुन्यात नीट बसवलेला दगड दोनशे पावसाळे सहज काढतो. तिथली दिवाबत्ती ज्याच्याकडे होती तो माणूस निघून गेला की घात सुरू होतो. म्हणून 'ऐतिहासिक वारशासाठी निधी द्या' ही नेहमीची मागणी मला उलटी वाटते. राखणदार नसलेल्या जागेत निधी ओतणं म्हणजे कुंपण नसलेल्या वावरात पेरणी करणं.

आपल्याकडं याची जुनी सोय होती. मराठवाड्यातल्या कुठल्याही तहसिलीत बसा, तासाभरात 'खिदमतमाश' हा शब्द कानावर पडेलच. दर्गा, मशीद, मंदिर, समाधी यांच्या सेवेसाठी कुणा एका घराला इनाम जमीन दिलेली असायची. सेवा कसली? झाडलोट, सांजेचा दिवा, उरुसाला किंवा पुण्यतिथीला चुन्याचा हात, पडलेला दगड जागेवर ठेवणं. जमीन पिकली की सेवा चालायची, सेवा चालली तर जमीन राहायची. या व्यवस्थेत अन्याय नव्हता असं मी म्हणत नाही, होताच. पण कुठल्या थडग्याचा दिवा कुणी लावायचा, याचं उत्तर गावाला ठाऊक असायचं. पुढं पिढ्या वाढल्या, वाटण्या झाल्या, शहरं अंगावर आली, त्या जमिनींचे प्लॉट पडले, कोर्टकज्जे लागले. खिदमतमाशचे खटले आजही जोरात आहेत, पण त्यात 'माश'वरच, म्हणजे उपजीविकेच्या जमिनीवरच, सगळं भांडण असतं. 'खिदमत', म्हणजे सेवा, कुणी मागतही नाही.

आता उलटं पाहा. मराठवाड्यात काय टिकलं? पैठणला नाथषष्ठी भरते, म्हणून एकनाथांची समाधी नांदती आहे. बीडजवळ कपिलधारला कार्तिकी पौर्णिमेला मन्मथस्वामींच्या समाधीवर दिंड्या येतात. दर्ग्यांना उरूस आहेत. अगदी हुतात्मा स्मारकंसुद्धा १७ सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन जवळ आला की धुऊन-पुसून घेतली जातात, कारण त्या दिवशी साहेब झेंडा लावायला येणार असतात. वर्षात एक दिवस ठरलेला असला की जागा जगते. ज्यांच्या नावाचा दिवसच नाही, ती थडगी गवतात जातात.

खुलताबादला हे एकाच गावात बघायला मिळतं. शनिवारी भद्रा मारुतीला जाणाऱ्यांची रीघ लागते, दर्ग्यांत वर्दळ असते. २०२५ च्या मार्चमध्ये याच गावातल्या औरंगजेबाच्या कबरीवरून राज्यात रान पेटलं, नागपुरात दंगल झाली. त्या वादात दोन्हीकडून बोलायचं ते बोलून झालं आहे, मी भर घालत नाही. मला खटकलं ते वेगळंच. त्या कबरीवर महिनाभर कॅमेरे रोखलेले होते, आणि त्याच गावात मलिक अंबर झोपला आहे याची कुणाला आठवण आली नाही. हबसाणातून, म्हणजे आजच्या इथिओपियातून, गुलाम म्हणून आलेला हा माणूस अहमदनगरच्या निजामशाहीचा आधार झाला. त्यानं मोगलांना वर्षानुवर्षं दमवलं, १६१० मध्ये खडकी वसवली, जिचं पुढं औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर झालं. शहराला पाणी पाजणारी नहर त्याची, जमीनमहसुलाची घडी त्याची. १६२६ मध्ये तो गेला. शहराच्या नावावर तावातावानं बोलणाऱ्या किती जणांनी शहर वसवणाऱ्याचं थडगं पाहिलं आहे? गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान तानाशाह दौलताबादच्या कैदेत मेला, तोही इथंच आहे. अमीर खुस्रोचा मित्र अमीर हसन, अरबीत लिहिणारा आझाद बिलग्रामी, हैदराबादचा पहिला निजाम, सगळे इथल्याच मातीत. एवढा इतिहास एका गावात गोळा झालेला आणि आपली सगळी चर्चा एका कबरीभोवती फिरते.

'असल्या दगडांतून मिळतं काय?' असं कुणी विचारलं की मी हैदराबादचा पत्ता देतो. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. राज्यपुनर्रचनेत १९५६ मध्ये जिल्हे इकडं आले, पण सरकारचं मध्यवर्ती दफ्तर हैदराबादलाच राहिलं. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळाचे कागद उर्दू-फारसीत तिकडच्या अभिलेखागारात बांधून ठेवलेले आहेत. पुण्याकडच्या माणसाला पेशवे दफ्तर हाताशी आहे. आपल्या हाताशी दगड आहेत. त्यामुळं मराठवाड्यात शिलालेख पुसला गेला म्हणजे नुसती एक जुनी वस्तू गेली असं होत नाही, दफ्तराचं पानच फाटतं.

अजिंठा गावातली पारोची कबर घ्या. रॉबर्ट गिल नावाचा लष्करी अधिकारी १८४४ पासून लेण्यांतली चित्रं कॅनव्हासवर उतरवत होता. वर्षानुवर्षांच्या त्या कामातली बहुतेक चित्रं १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. गिल १८७९ मध्ये गेला, त्याचं थडगं भुसावळला. पारो ही त्याची प्रेयसी. तिच्या कबरीवर तिचं नाव आणि २३ मे १८५६ ही तारीख कोरलेली आहे. पुढं या जोडीवर किती कहाण्या रचल्या गेल्या! तिची जात कुणी ठरवली, रूप कुणी ठरवलं. या सगळ्या रचलेल्याच्या खाली हा एक दगड आहे. तो नसता तर पारो होती की नव्हती, यावर आज वाद घालत बसलो असतो.

किंवा त्याहून सहाशे वर्षं मागं चला. यादव सिंघणाचा सेनापती खोलेश्वर हा अंबाजोगाईचा. त्याचा मुलगा राम गुजरातेतल्या लढाईत पडला. बहिणीनं, लक्ष्मीनं, भावाच्या आठवणीत देऊळ बांधलं. हे आपल्याला कळतं ते साधारण १२४० सालच्या शिलालेखावरून. आठशे वर्षांपूर्वीची एक बहीण, आणि तिचं दुःख आपल्यापर्यंत पोचतं ते चार ओळी खोदवल्या म्हणून.

जिथं खोदलं नाही तिथं काय होतं, तेही आपल्याच मराठवाड्यात आहे. भोकरदनजवळच्या असईच्या लढाईत, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, इंग्रज सेनापती वेलस्लीच्या सैन्यात ४२८ मेले, १,१३८ जखमी झाले, १८ सापडले नाहीत. पलटणवार हिशोब मिळतो. शिंद्यांचे गोलंदाज तोफांपाशी उभे राहून कापले गेले असं शत्रूनंच लिहून ठेवलं आहे. त्यातल्या एकाचं तरी नाव सांगता येतं का कुणाला?

आता दुसऱ्या घाताकडं येतो. हा प्रेमापोटी होतो. दुर्लक्षानं जेवढे दगड गेले नसतील तेवढे जीर्णोद्धारानं गेले असं मला वाटतं. माझ्या आजोळच्या गावात मारुतीच्या पारावर वीरगळांची ओळ आहे. त्यातला एक मी लहानपणापासून ओळखतो. खालच्या चौकटीत ढाल-तलवारीचा गडी आडवा पडलेला, त्याच्यामागं गाईंची रांग. म्हणजे गावची गुरं वळवून नेणाऱ्यांशी झुंजताना तो गेला. मधल्या चौकटीत दोन अप्सरा त्याला दंडाला धरून वर नेतात, तिसऱ्यात तो शिवलिंगापुढं बसला आहे, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. लहानपणी त्याच्यावर नुसता शेंदूर असायचा. सात-आठ वर्षांपूर्वी गावात चार पैसे आले आणि त्याला ऑइलपेंट लागला. गाई पिवळ्या, अप्सरा गुलाबी. मागच्या खेपेला गेलो तर पाराला ग्रॅनाइटच्या टाइल्स बसल्या होत्या आणि वीरगळाची खालची चौकट सिमेंटात गेली होती. गाईही गेल्या आणि गडीही गेला. कशासाठी मेला ते गेलं, स्वर्गात पोचला तेवढं राहिलं.

हे करणारे गावाचे वैरी नव्हेत. वर्गणी काढून, श्रद्धेनं केलेलं काम आहे. कबरस्तानांतही तेच चालतं. चुन्याच्या जुन्या कबरीवर सिमेंटचा गिलावा, वर हिरवा रंग. चुना श्वास घेतो, सिमेंट घेत नाही. आतली ओल बाहेर पडायला वाट शोधते आणि क्षार घेऊन दगडाचा पापुद्राच फोडते. पाच वर्षांत गिलाव्यासकट जुनं नक्षीकाम गळून पडतं. सरकारी निधीचं याहून वाईट. जनसुविधा योजनेतून स्मशानभूमीला पैसे आले की पहिले येतात ते गट्टू. जेसीबी जागा सपाट करतो, त्या सपाटीत चार-दोन जुने दगड कुठं गेले हे ठेकेदाराला विचारायचं कुणी? त्याच्या मोजमाप वहीत चौरस मीटर असतात, दगड नसतात.

मग पुरातत्त्व खात्याकडं द्यावं का सगळं? केंद्राचा १९५८ चा कायदा आहे, राज्याचा १९६० चा आहे. निजामानं १९१४ मध्ये गुलाम यजदानींच्या हाताखाली पुरातत्त्व खातं काढलं, अजिंठ्याची चित्रं सांभाळायला इटलीहून माणसं आणवली. मोठ्या स्मारकांसाठी हे सगळं हवंच. पण केंद्राच्या कायद्यात २०१० च्या दुरुस्तीनं संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि पुढच्या २०० मीटरवर परवानगीची अट आली. निळा बोर्ड लागला की घराला वीट लावता येत नाही, हे खेड्यापाड्यात सगळ्यांना पाठ आहे. परिणाम असा की आपल्या बांधावर जुना कोरीव दगड निघाला तर शहाणा शेतकरी तो पुन्हा पुरतो. मी त्याला दोष देणार नाही. गावोगावच्या थडग्यांना आणि वीरगळांना हा कायदा लावायला निघालात तर राखायला काही उरणारच नाही.

पुण्याजवळ खडकीची युद्ध दफनभूमी ज्यांनी पाहिली असेल त्यांना हिरवळ आणि एका मापाच्या पाट्या आठवतील. ती तशी राहते कारण राष्ट्रकुल युद्ध दफनभूमी आयोगाकडं पैसा आहे आणि कायमचा माळी आहे. पण त्यांच्या हिशोबात दोन महायुद्धांच्या काळातलेच मृत्यू बसतात, १९१४ ते १९२१ आणि १९३९ ते १९४७. छावणीत १८५० मध्ये कॉलऱ्यानं गेलेला शिपाई त्यात नाही. त्याच्यासाठी वरून कुणी येणार नाही.

आणि आपण का यावं? 'गोऱ्यांची थडगी आम्ही का झाडायची?' हा प्रश्न मला भरसभेत विचारला गेला आहे, आणि विचारणारा माणूस काही वेडा नव्हता. माझं उत्तर साम्राज्याच्या गुणगानाचं नाही. सर्वपित्रीला तर्पण करताना आपल्या नातलगांची नावं घेऊन झाली की एक ओंजळ अशांसाठीही सोडतात, ज्यांना पाणी द्यायला कुणी उरलेलं नाही. माझे वडील ती ओंजळ सोडताना थोडे थांबायचे, मला ते अजून दिसतं. बेवारस मेलेल्याचं काही देणं गावावर लागतं, ही कल्पना आपल्याकडं कुणी विलायतेहून आणलेली नाही. शब-ए-बरातला कबरींवर दिवे लावणाऱ्यांना आणि २ नोव्हेंबरला मेणबत्त्या नेणाऱ्यांनाही ती नवी नाही.

याहून जड आक्षेप दुसरा आहे, आणि तो मी टाळणार नाही. मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत जिवंत माणसांना आज मयत न्यायला वाट नाही. दलित वस्तीच्या, भटक्यांच्या दफनभूमीची सातबाऱ्यावर नोंद नाही, नांगर दरवर्षी दोन हात आत येतो. पावसाळ्यात ओढ्यातून खांद्यावर तिरडी न्यावी लागते. अशा ठिकाणी जाऊन दीडशे वर्षांपूर्वीच्या दगडाची काळजी वाहणं हे पोट भरलेल्याचं काम वाटतं. वाटू द्या. पण या दोन्हींवर इलाज एकच आहे. मोजणी, हद्द, नोंद. गावातली प्रत्येक दहनभूमी, दफनभूमी, कबरस्तान, लिंगायतांची, गोसाव्यांची, महानुभावांची समाधीची जागा, सगळं एकदा मोजून कागदावर आणा. जो फेरफार गोऱ्यांच्या कबरस्तानाची हद्द ठरवेल तोच दलित वस्तीच्या मसनवट्यालाही नंबर देईल. आधी कुणाची मोजणी, असं कुणी विचारलं तर वस्तीची आधी, हे मी नि:शंक सांगेन.

त्यानंतरचं काम फार महागडं नाही. स्मशान-दफनभूमीची निगा ग्रामपंचायतीच्या कामांत आहेच. गावच्या दफ्तरात एक वही असावी: दगड कितवा, कुठं, काय कोरलंय, फोटो. फोटो सकाळच्या तिरप्या उन्हात काढावा, पुसट अक्षरं तेव्हाच उठतात. शाळेतली पोरं कागद लावून वरून कोळसा फिरवतील तर मास्तरांपेक्षा लवकर वाचतील. अक्षरं उठावीत म्हणून तेल चोळू नये. नळाचं पाणी सोडणाऱ्याला ग्रामपंचायत जसं मानधन देते तसं एका माणसाला द्यावं आणि त्याचं नाव दाराशी लिहावं. वर्षातून दोनदा गवत कापणं, तेही कापणंच. काडी लावून मोकळं व्हायचं नाही, कारण त्या आगीनं संगमरवर तापून भुसभुशीत होतो. सांध्यात पिंपळ आला तर ओढून उपटायचा नाही, उपटला की दगडासकट येतो. बुडाशी कापत राहायचा. रंग नाही, सिमेंट नाही, गट्टू नाहीत. त्या माणसाचं अर्धं काम लोकांना काही करू न देण्याचंच असेल.

हे लिहिण्याआधी स्वतः करून बघावं म्हणून २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला आजोळी गेलो. माझा विषय 'ऐनवेळचे विषय' या सदरात, पाण्याची टाकी आणि घरकुलांच्या यादीनंतर. तोवर निम्मे लोक उठले होते. ग्रामसेवकांनी, आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, शांतपणे ऐकून घेतलं आणि पेन उघडून विचारलं, "दगड किती?"

"सतरा," मी म्हणालो.

"मोजलेत का?"

मोजले नव्हते. लहानपणापासून सतरा ऐकत आलो होतो. त्यांनी पेन बंद केलं. ठराव झाला नाही. पुढच्या रविवारी मामेभावाला आणि त्याच्या दोन पोरांना घेऊन पार, गावठाणाची जुनी वेस आणि नदीकाठ पालथा घातला. तेवीस भरले. चोविसावा संध्याकाळी सापडला, मामाच्याच गोठ्याच्या उंबऱ्याला, पालथा घातलेला. म्हशी रोज त्याच्यावरून आत जातात. मामीला म्हटलं, हा उचलायचा आहे. ती म्हणाली, "उचल की. पण त्याच्याजागी दुसरा आणून बसव आदी."